कृष्णवर्णीयांची विद्यापीठे आणि मातीचे शिक्षण

(संस्थेच्या व्याख्यानमालेत विद्यार्थी व सभासदांपुढे दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. अमेरिकेतील शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येतो, डॉक्टरी येते, फार तर बिझनेस मॅनेजमेंट येते. आम्ही मात्र अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांतून शिकविले जाणारे कृषिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांविषयी बोलणार आहोत. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर खातेवही जवळून पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने या विषयाकडे आम्ही पाहिले आहे.

मूळ प्रश्न असा आहे. ज्या माणसाला साखळदंड घालून मळ्यात राबविले, ज्याच्या पाठीवर चाबकाचे वळ उठले, त्याच्या नातवाने कॉलेजात जाऊन पुन्हा शेतीच का शिकावी? हा प्रश्न तेथील कृष्णवर्णीय घरांत शंभर-सव्वाशे वर्षे विचारला जात आहे. आपल्या घरांत तरी काय वेगळे आहे? दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या आपल्या आई-वडिलांनी आपल्याला एकच सांगितले, की शिका आणि या मातीतून बाहेर पडा. त्यांचे काही चुकले नाही. गुलामीच्या कामातून बाहेर पडणे हीच मुक्तीची पहिली पायरी असते. परंतु कामातून बाहेर पडणे निराळे आणि त्या कामाच्या विद्येपासून तोंड फिरविणे निराळे. हा फरक कृष्णवर्णीय समाजातील काही माणसांनी फार लवकर ओळखला, आणि आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

त्या समाजाशी आपले नाते नवे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागविली आणि डु बॉइस यांनी त्यांना उत्तरही दिले. म्हणजे एकमेकांच्या लढ्याकडून शिकण्याची वाट आपल्या थोरांनीच घालून दिलेली आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षाच्या आरंभी जनरल शर्मन यांच्या हुकमाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर जमीन देण्यास सुरुवात झाली होती. परंतु वर्ष संपण्याच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो निर्णय फिरविला आणि जमीन पुन्हा जुन्या मळेवाल्यांकडे गेली. हातात स्वातंत्र्य आले, पायाखाली जमीन आली नाही. मग ही माणसे त्याच मळ्यांवर बटईने शेती करू लागली. बियाणे, मीठ, पीठ, कापड, सारे मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचे आणि कापूस निघाला की हिशेब करायचा. हिशेब लिहिणारा मालक, वाचता न येणारा कुळवाडी. वर्षाच्या शेवटी बाकी नेहमी कुळाच्याच नावावर निघे. आमच्यासारख्या कारकुनाला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नांगराइतकेच अक्षर आणि अंक हेही शेतीचे अवजार आहे. ते ज्याच्या हाती नाही, त्याचे पीक दुसऱ्याच्या घरात जाते.

१८६२ साली अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. या कायद्याने प्रत्येक राज्याला, तेथून निवडून जाणाऱ्या दर सिनेटर व प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन मिळाली, आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे निघाली. परंतु दक्षिणेत त्यांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून १८९० साली दुसरा मॉरिल कायदा झाला. त्याने राज्यांना सांगितले, की एक तर वर्णभेद न करता सर्वांना प्रवेश द्या, नाही तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था चालवा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा मार्ग पत्करला. या कायद्याखालील संस्थांना तेथे आजही '१८९० च्या संस्था' असेच म्हणतात. २०१४ साली ओहायोतील सेंट्रल स्टेट विद्यापीठ त्यांत आले आणि आज त्यांची संख्या १९ आहे. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली विद्यापीठे व कॉलेजे एकूण सुमारे शंभर आहेत. त्यांत आज कोणत्याही वर्णाच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो. मात्र शेतीच्या शिक्षणाचा मुख्य भार या १९ संस्थांवर आहे.

या १९ मध्ये टस्कीगीचे स्थान विशेष आहे. अलाबामा राज्यात ४ जुलै १८८१ रोजी, एका चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात, तीस विद्यार्थ्यांनिशी ही शाळा सुरू झाली. प्रमुख होते बुकर टी. वॉशिंग्टन, जन्माने गुलाम. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते. जागेला आणि इमारतीला पैसा नव्हता. पुढच्याच वर्षी संस्थेने एक जुना मळा विकत घेतला आणि विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडायला घेतल्या. तीन भट्ट्या वाया गेल्या. पैसे संपले. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवून चौथी भट्टी लावली आणि ती साधली. पुढे त्या विटा घ्यायला आसपासचे गोरे लोकही येऊ लागले. ज्यांना शाळेचे अस्तित्वच खुपत होते, त्यांनाही या मालाची गरज पडली.

१८९६ साली याच संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे हे नाव मराठी वाचकाला घरच्यासारखे झाले आहे, म्हणून त्यांचे सारे चरित्र सांगत नाही. जन्माने गुलाम असलेल्या या मुलाला कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर, त्याचा वर्ण पाहून, परत पाठविले. पुढे आयोवा येथील कृषी महाविद्यालयातून १८९४ साली ते पदवीधर झाले, १८९६ साली त्यांनी उच्च पदवी घेतली आणि टस्कीगीच्या कृषी विभागाची जबाबदारी स्वीकारली. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले.

कार्व्हर यांचे मोठेपण कशात होते? शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नाही. त्यांचे खरे काम गरिबाच्या मातीवर होते. वर्षानुवर्षे कापूस घेऊन दक्षिणेची जमीन निकस झाली होती. चवळी, भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. विकतचे खत ज्याला परवडत नाही, त्याने कापसाआड ही पिके आणि रताळी घ्यावीत, पालापाचोळा व दलदलीतील काळा गाळ कुजवून शेतात घालावा, असे ते सांगत. १८९८ साली निघालेली त्यांची पहिली पुस्तिका होती, ओक झाडाची रानात पडलेली फळे जनावरांना कशी चारावीत यावर. १९१६ च्या पुस्तिकेत त्यांनी भुईमूग कसा पिकवावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत ते सांगितले. शास्त्र कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तिकांच्या विषयांतच आहे.

आणि पुस्तिका वाचू न शकणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी १९०६ साली टस्कीगीने चाकांवरची शाळा काढली. घोडागाडीत अवजारे, बियाणे, दूध घुसळण्याचे यंत्र वगैरे घालून ती गावोगाव नेली. तिच्यावर नेमलेले टॉमस मनरो कॅम्पबेल हे टस्कीगीचेच विद्यार्थी. केंद्र सरकारच्या शेतकी खात्याचे ते पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. शेतकऱ्याने विद्यापीठात येण्याची वाट न पाहता विद्यापीठाने शेतकऱ्याच्या बांधावर जावे, हा विचार तेथे या रीतीने प्रत्यक्षात उतरला.

येथे एका वादाचा उल्लेख टाळता येणार नाही. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात कृष्णवर्णीयांना सांगितले, की आधी हातातील कसबाने आर्थिक पाय रोवा, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा. डु बॉइस यांनी १९०३ साली यावर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की मताचा हक्क, नागरी समता आणि उच्च शिक्षण सोडून मिळविलेली भाकरी टिकत नाही. या वादात आमचा कौल डु बॉइस यांच्या बाजूने आहे. बाबासाहेबांच्या अनुयायाचा कौल दुसरा कसा असेल? 'तुम्ही आपले कसब शिका, कायदा आणि राज्यकारभार आम्ही पाहतो' हे बोल आपण फार ऐकलेले आहेत. परंतु म्हणून शेतीची विद्या कमी प्रतीची ठरत नाही. ती विद्या हक्कांच्या बदल्यात घ्यायची नाही, हक्कांसह घ्यायची.

असे घडू शकते याचा पुरावा नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे आहे. १८९१ साली कायद्याने स्थापन झालेले तेथील कॉलेज आज नॉर्थ कॅरोलिना ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. नावातच शेती आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी या कॉलेजचे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी गावातील वुलवर्थ दुकानात गेले आणि फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसले. कोणी वाढले नाही, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि बघता बघता हे आंदोलन दक्षिणेतील शहराशहरांत पसरले. जुलै महिन्यात त्या दुकानाला आपला नियम बदलावा लागला. महाडच्या तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी जे घडले, त्याच्याशी या काउंटरचे नाते सांगण्याची गरज नाही. शेतीचे शिक्षण देणाऱ्या संस्थेतून वाकलेल्या मानेचीच माणसे निघतात, हा समज त्या चार मुलांनी खोटा ठरविला.

या विद्यापीठात आज कृषी व पर्यावरणशास्त्र यांचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. तेथे पशुविज्ञान आहे, शेतमालाचा व्यापार व अर्थशास्त्र आहे, आहारशास्त्र आहे. माती, पाणी, वने यांचा अभ्यास आहे आणि भूदृश्यरचनाही आहे. विद्यापीठाचे स्वतःचे मोठे शेत आहे. शेंगदाण्याने काही मुलांना जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. ती कमी करण्यासाठी दाण्यांवर विकरांची प्रक्रिया करण्याची पद्धत याच विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केली. कार्व्हर यांच्या भुईमुगाची कथा अशी पुढे चालली आहे. शेती शिकणे म्हणजे नांगर धरणे नव्हे, हे यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

आता पर्यावरणाविषयी. झाडे लावा, पक्षी वाचवा, एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा घेतला जातो. कृष्णवर्णीयांनी त्यात एक रोखठोक प्रश्न घातला, की घाण कोणाच्या दारात टाकली जाते? १९७८ साली नॉर्थ कॅरोलिनात काही लोकांनी पीसीबी नावाचे विषारी रसायन मिसळलेले तेल रात्रीच्या वेळी शेकडो मैल रस्त्यांच्या कडेला सोडून दिले. ती दूषित माती खरवडून पुरायची कोठे? राज्याने जागा निवडली वॉरन काउंटीत, जेथे गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती अधिक होती. १९८२ साली मातीचे ट्रक येऊ लागले, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तेथे पुरली गेलीच, परंतु पर्यावरणीय न्यायाची चळवळ त्यातून देशभर उभी राहिली. त्याआधी १९७९ सालीच ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न या कृष्णवर्णीय विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांनी शहरातील कचऱ्याच्या जागा नकाशावर मांडून पाहिल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर पडणारा भार त्या नकाशात उघड दिसला. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची वस्ती असे, त्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. मात्र अन्याय जाणवणे वेगळे आणि तो मोजून, तपासून, न्यायालयापुढे टिकेल असा मांडणे वेगळे. त्यासाठी भूजल कसे वाहते, रसायन मातीत किती काळ राहते, हे शिकलेला आपला माणूस लागतो.

जमिनीच्या बाबतीतही तेच. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी पै पै जोडून सुमारे दीड कोटी एकर जमीन मिळविली होती. १९२० साली कृष्णवर्णीय शेतकरी, कुळे धरून, ९ लाख २५ हजार होते. म्हणजे दर शंभर शेतकऱ्यांत चौदा. २०२२ च्या कृषी गणनेत शंभरात दोनसुद्धा नाहीत. जमीन गेली कशी? हिंसेने गेली, शहरांकडे झालेल्या स्थलांतराने गेली आणि कागदाने गेली. मृत्युपत्र न करता माणूस वारला की जमीन सर्व वारसांच्या सामाईक नावावर राहते. मग दूरच्या शहरातील एखाद्या वारसाचा हिस्सा बाहेरचा माणूस घेतो, न्यायालयात वाटणी मागतो आणि सारी जमीन लिलावात निघते. सामाईक सातबारा आणि रखडलेली वारसनोंद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

दुसरे कारण कर्जाचे. केंद्रीय शेतकी खात्याच्या कर्जवाटपात भेदभाव होतो म्हणून टिमोथी पिगफर्ड या नॉर्थ कॅरोलिनातील शेतकऱ्याने इतरांसह १९९७ साली दावा लावला. १९९९ साली तडजोड झाली आणि पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. राहिलेल्यांसाठी २०१० साली आणखी १२५ कोटी डॉलर मंजूर झाले. बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही एवढे जाणतो, की पीककर्ज नाकारण्यासाठी अर्जावर 'नामंजूर' लिहावेच लागते असे नाही. एक कागद कमी आहे म्हणून दोन आठवडे, साहेब रजेवर आहेत म्हणून आणखी एक. पेरणीची वाफ निघून गेली की मंजूर झालेले कर्जही नुसते ओझे होते. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे अर्जदार म्हणून आणि अधिकारी म्हणूनही, शेती कळणारा आपला माणूस हवा.

या संस्थांवरही असाच अन्याय झाला. केंद्राने जेवढे अनुदान द्यावे तेवढीच भर राज्याने घालावी, असा नियम आहे. गोऱ्यांच्या जुन्या कृषी विद्यापीठांना राज्यांनी ती भर सढळ हाताने घातली, १८९० च्या संस्थांना कित्येकदा पुरती घातलीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण व कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठविली. तीस-बत्तीस वर्षांत या विद्यापीठांना मिळावयास हवे होते त्यापेक्षा एकूण १,२०० कोटी डॉलरहून अधिक कमी मिळाले, असे त्या पत्रांत हिशेबाने दाखविले होते. या संस्थांत कृषी व पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी १९९२ साली एक चांगली शिष्यवृत्ती सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही स्थगित करण्यात आली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा सुरू झाली. सवलत मिळविणे जितके कठीण, तितकेच ती राखणेही कठीण, हा अनुभव आपणांस नवा नाही. तरीही एवढ्या अपुऱ्या पैशात त्यांनी शास्त्रज्ञ, विस्तार अधिकारी आणि शिक्षक घडविले, हे विसरून चालणार नाही.

शेवटी एक मुद्दा लहान शेतीचा. टस्कीगीतील प्राध्यापक बुकर टी. व्हॉटली यांनी लहान शेतकऱ्यासाठी एक योजना मांडली, जी १९८७ साली पुस्तकरूपाने आली. शेत पंचवीस एकरांचे, पिके अनेक, पक्का रस्ता जवळ. आसपासच्या शहरातील गिऱ्हाइकांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरून सभासद व्हायचे आणि स्वतः येऊन फळे-भाज्या तोडून न्यायच्या. म्हणजे मजुरी वाचली, दलाल टळला आणि पैसा हंगामाच्या आधी हातात आला. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी हेच सूत्र अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि अवजारे लागली यावर ठरते. शेतीवरील जादा माणसांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, हेही त्यांनी त्याच निबंधात बजावले. म्हणून आम्ही कोणालाही खेड्यात परत जाऊन बसा असे सांगत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अमेरिकेलाच गेले पाहिजे असेही आमचे म्हणणे नाही. ज्याला जमेल त्याने अवश्य जावे. परंतु राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत आणि राहुरीच्या विद्यापीठाला तर जोतीरावांचे नाव आहे. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना तो पर्याय 'आपल्या बापाने हेच केले' म्हणून खोडू नका. तुमच्या बापाने शेतात मजुरी केली, शेतीचे शास्त्र त्याच्यापर्यंत कोणी पोहोचूच दिले नाही. माती तपासणारा, पाण्याचा हिशेब मांडणारा, बियाण्यावर संशोधन करणारा, कर्जाच्या अर्जावर न्यायाने सही करणारा, कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेऊन न्यायालयात उभा राहणारा माणूस आपल्यातून निघाला पाहिजे. आणि पालकांना विनंती, की मुलीने कृषी पदवीचे नाव काढले तर तिला हसू नका.

ज्यांना मातीत राबविले गेले, त्यांच्या वंशजांनी त्या मातीची विद्या हस्तगत केली आणि मान ताठ ठेवून केली. हे त्यांनी अपुऱ्या अनुदानात आणि बंद दारांसमोर केले. आपल्यापुढची दारे आज त्यांच्याइतकी बंद नाहीत. ती उघडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे स्मरण ठेवून आपण आत पाऊल टाकावे.

जयभीम.